काकूंचं वजन आणि मी

मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायची असेल तर तुम्हाला जरा खाली बघावे लागेल. मी एक वजनकाटा आहे, आणि माझा सगळा जन्म जमिनीवर गेला. हल्लीच्या काचेच्या, आकडे लखलखवणाऱ्या काट्यांशी माझे नाते नाही. मी पत्र्याचा, जुन्या वळणाचा. पाठीवर रबराची काळी चटई, पुढच्या बाजूला गोल भिंग, त्याखाली आकड्यांची चकती आणि तिच्यावर फिरणारा लाल काटा. चटईचे एक टोक आता सुटले आहे, आणि जिथे माणसे पाय ठेवत तिथली नक्षी घासून गेली आहे. माझा मुक्काम सध्या बेकरीच्या कोठीत, मैद्याच्या पोत्यांमागे आहे. इथे कोणी फारसे फिरकत नाही.

माझ्यावर उभ्या राहणाऱ्याला वाटते की मी फक्त त्याचे वजन बघतो. मी त्याचे पायही बघतो. चेहरा मला दिसतो न दिसतो, तो फार उंचावर असतो, आणि चेहऱ्याने माणसे हवे ते सोंग आणू शकतात. तळव्यांना ते जमत नाही. घाबरलेल्या माणसाची बोटे आत वळतात. थकलेला माणूस टाचांवर भार टाकतो. मी हे सगळे जाणतो, पण मला बोलता येत नाही. मला एक काटा दिला आहे आणि त्याने आकड्याचा एकच शब्द सांगता येतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, दाबला, वाकवला. आत दोन तरफा बसवल्या, त्यांना एक जाड स्प्रिंग जोडली. रंगाच्या भट्टीत तर जीव नकोसा झाला होता. शेवटी जाड चष्म्याच्या एका तपासनिसापुढे मला ठेवण्यात आले. त्याने माझ्यावर लोखंडी वजने ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मग तो म्हणाला, "हा बरोबर." आणि माझ्या बुडाला शिक्का मारला. त्या दोन शब्दांवर मी पुढची कित्येक वर्षे मिजाशीत काढली.

पहिली नोकरी औषधांच्या दुकानात होती. दाराशीच माझी जागा. काय एकेक नमुने यायचे! कोणी चपला काढायचे, कोणी खिशातल्या किल्ल्या काढून दुकानदाराच्या हाती द्यायचे. एक गृहस्थ तर श्वास रोखून उभे राहायचे, जणू हवेचेच वजन जास्त. एक बाई उतरून पुन्हा चढायच्या, म्हणजे आकडा बदलेल. मी कोणाची भीड ठेवली नाही. दुकानदार म्हणायचा, "आमचा काटा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." मला फार बरे वाटायचे. पुढे दुकानात काचेचा नवा काटा आला आणि मी रातोरात अडगळ झालो. कपाटावर, रिकाम्या खोक्यांच्या ढिगात मी किती काळ पडून होतो हे मला नीट सांगता येणार नाही. धुळीत दिवस मोजता येत नाहीत.

तिथून मला एका बेकरीच्या मालकांनी उचलले. "तुमच्याकडे जुना काटा आहे ना?" ते दुकानदाराला म्हणाले. "द्या इकडे. हिचं वजन रोज बघायला सांगितलंय."

ही म्हणजे त्यांची बायको. त्या बेकरीच्या गल्ल्यावर बसायच्या आणि गल्लीतली लहानथोर सगळी त्यांना काकू म्हणायची, म्हणून त्या माझ्याही काकू. काकूंच्या छातीत गाठ निघाली होती. कर्करोगाची. आधी औषधे द्यायची, गाठ लहान करायची, मग शस्त्रक्रिया, असे इस्पितळात ठरले होते. ठरावीक दिवसांनी काकू तिथे जायच्या आणि शिरेतून लाल रंगाचे औषध घेऊन यायच्या. ते औषध गाठीवर चांगलेच लागू पडले होते. पण त्याने काकूंचे केस गेले, तोंडाची चव गेली आणि अंग झडले. मालकांनी ताज्या पावाचा तुकडा पुढे केला तरी त्यांना वासाने ढवळून यायचे. बेकरीवाल्याच्या बायकोला पावाचा वास सोसू नये, यासारखे दुसरे दुःख मालकांना नव्हते.

डॉक्टरांनी बजावले होते, "वजन उतरू देऊ नका. वजन टिकलं तर औषधं झेपतील." मालकांनी तेवढेच गाठीला बांधले. सगळी हयात त्यांनी पीठ तोलण्यात घालवलेली. वजन बरोबर असले की पाव बरोबर, हा त्यांचा हिशोब. माणसाचेही तसेच असणार, असे त्यांना वाटले, आणि वाटण्यात त्यांची काय चूक?

घर बेकरीच्या वरच होते. झोपायच्या खोलीत, कपाटाच्या शेजारी मला जागा मिळाली. पहाटेची पहिली भट्टी उतरली की मालक हात झटकत जिना चढून यायचे. काकू अनवाणी माझ्यावर उभ्या राहायच्या. त्यांना चष्म्याशिवाय आकडा दिसत नसे, वाकले की भोवळ यायची. म्हणून मालक गुडघ्यांवर बसायचे, भिंगावर पडलेले पीठ बाहीने पुसायचे आणि आकडा वाचायचे. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली हाक द्यायचे. वजन वाढले असेल तर खालून कणीक मळणारे कारागीर परातींवर थापा मारायचे. वजन उतरले असेल तर मालक हाक मारायचेच नाहीत, आणि खाली सगळ्यांना कळायचे. अशी ही त्या घराची रीत पडली.

सुरुवातीचे दिवस हाकेविना गेले. काटा रोज थोडा थोडा मागे सरत होता. मालकांनी हट्टाला पेटून तऱ्हेतऱ्हेचे जिन्नस करून पाहिले. शेवटी एक गोष्ट जमली. काकूंच्या बेचव तोंडाला फक्त खारट लागे ते बरे वाटत होते. मालकांनी त्यांच्यासाठी खास बिस्किटे भाजायला घेतली, भरपूर लोणी आणि सढळ हाताने मीठ. काकू ती खाऊ लागल्या. मालकांना आकाश ठेंगणे झाले.

आणि एके सकाळी काटा पुढे सरकला.

"वाढलं!" मालक जिन्यात ओरडले. खाली परातींचा असा काही गडगडाट झाला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. समोरच्या शिंपीणबाई खिडकीतून डोकावून म्हणाल्या, "काकू, आता बघा, महिन्याभरात ब्लाउज उसवून घ्यायला याल माझ्याकडे!" काकू हसल्या. माझ्यावर उभ्या असताना त्या हसल्या की काटा थरथरायचा. मीही त्या दिवशी जरा फुशारलोच. इतक्या वर्षांनी माझ्या एका शब्दासाठी कोणी टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशीही काटा चढला. तिसऱ्या दिवशीही. मालक तर हवेत होते. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमचं वजन वाढतंय हो!" जसे काही दोघांचे मिळून एकच वजन होते. लोक काकूंना बघून म्हणायचे, "चेहरा भरलाय, तब्येत सुधारली." कोणाचेही खोटे नव्हते. वजन खरेच वाढत होते. मी बरोबरच सांगत होतो.

पण मित्रांनो, मी पायही बघतो असे तुम्हाला सांगितलेच आहे. काकूंचे पाऊल सडपातळ, हाडे जाणवणारे होते. आता ते रबरावर पसरून बसू लागले. तळवा मऊ आणि जड लागायचा. मोजे काढले की घोट्यावर त्यांचा करकोचा तसाच राहायचा, बराच वेळ बुजायचा नाही. मांस असे चढत नाही. मांस सावकाश चढते, सगळ्या अंगावर चढते. हे काहीतरी वेगळेच होते आणि ते पायांत साठत होते. काकूंचे दोन पावले चालून येणेही बदलले होते. दारापासून माझ्यापर्यंत येईस्तोवर त्या कपाटाला धरून थांबायच्या.

"दम लागतोय का?" त्यांच्या मुलीने एकदा विचारले. ती एका कचेरीत नोकरीला होती, सकाळी घाईत असायची, पण आईकडे तिचे लक्ष असे.

"त्या लाल औषधानं अंगात त्राणच ठेवलं नाहीये," काकू म्हणाल्या. "डॉक्टर म्हणालेच होते ना, थकवा येईल म्हणून."

दम लागला तर औषधाने. रात्री आडवे होता येत नाही, उशांची उतरंड लावून टेकून बसावे लागते, तर औषधाने. छातीत धडधडते, तेही औषधानेच. मोठ्या आजाराने घरातल्या सगळ्या दुखण्यांना आपले नाव देऊन टाकले होते. काकूंना रक्तदाब कितीतरी वर्षांपासून होता. त्याची गोळी त्या न चुकता घ्यायच्या. एक दिवस त्यांनी गोळ्यांची ती पट्टी कपाटाच्या खालच्या कप्प्यात सारली. शिंपीणबाई बसल्या होत्या, त्यांना म्हणाल्या, "मूठभर गोळ्या गिळायच्या सकाळ-संध्याकाळ. त्यात ही आणि कशाला? एवढा मोठा पाहुणा घरात असताना बीपीला कोण विचारतंय?"

"ते पण खरंच," शिंपीणबाई म्हणाल्या. दोघी हसल्या. इस्पितळात कोणी विचारले नाही आणि काकूंनी सांगितले नाही. कर्करोगाच्या डॉक्टरांना रक्तदाबाचे रडगाणे काय ऐकवायचे, असे त्यांना वाटले असणार.

आणखी एक गोष्ट राहून गेली. लाल औषधाचा निम्मा टप्पा झाला की हृदयाची तपासणी करून या, असे इस्पितळातून सांगितले होते. इको म्हणतात तिला. सुरुवातीला एकदा झाली होती, तेव्हा सगळे ठीक होते. मुलीने आठवण करून दिली.

"बाबा, तो इको राहिलाय. गुरुवारी नेऊ का आईला?"

मालक माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले होते. नुकताच काटा पुन्हा चढला होता. "अगं, बघ तरी," ते म्हणाले, "वजन कसं वाढतंय ते! एवढं खातेय, पितेय, हृदयाला काय धाड भरलीय हिच्या? तिथं तासन्‌तास ताटकळायचं, पुन्हा दमायची. करू पुढच्या खेपेला."

"हो गं," काकूही म्हणाल्या. "दोन जिने चढायचे तिथं. नको वाटतं."

मुलगी पर्स उचलून कचेरीला निघाली. काटा चढला होता, मग ती तरी काय बोलणार? माझ्या बुडाला 'बरोबर' असा शिक्का आहे, आणि त्या सकाळी तो मला चटका देत होता.

लाल औषधाच्या पुढच्या खेपेचा दिवस उजाडला. काकू माझ्यावर चढल्या. एका रात्रीत काटा इतका कधी पळाला नव्हता. मालक आनंदाने उभे राहिले, जिन्याकडे गेले, हाक दिली. खालून पराती वाजल्या. त्या गोंधळात काकूंचा आवाज कोणाला ऐकूच आला नाही. त्या कपाटाची कड धरून म्हणत होत्या, "अहो... श्वास... मला श्वास घेता येईना."

मुलीने ऐकले. काकू माझ्यावरच खाली बसल्या. त्यांचा सगळा भार माझ्या एका कडेवर आला आणि काटा वेड्यासारखा मागेपुढे होऊ लागला. खाली कारागीर अजून पराती वाजवत होते. मालक जिन्यातून किंचाळले, "बंद करा ते! गाडी बघा कोणीतरी!"

मग घर रिकामे झाले. किती तरी दिवस माझ्यावर कोणाचे पाऊल पडले नाही. भिंगावर पिठाची बारीक साय धरली. खाली भट्टी चालायची, कारण लोकांना पाव लागतोच, पण पराती गप्प होत्या.

काकू परत आल्या त्या सावकाश, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून. पाऊल पुन्हा हडकुळे झाले होते. शिंपीणबाई भेटायला आल्या तेव्हा मुलीने त्यांना जे सांगितले ते मी ऐकले.

"ते वजन नव्हतंच, मावशी," मुलगी म्हणाली. "पाणी होतं. हृदय नीट पंप करत नव्हतं, म्हणून अंगात पाणी साठत चाललं होतं. पायात, मग फुफ्फुसात. त्या लाल औषधानं हृदयावर ताण आला. शिवाय बीपीची गोळी बंद. वरून ते मीठ."

"मीठ?"

"बिस्किटांमधलं. मीठ पाणी धरून ठेवतं म्हणे."

मालक दाराशी उभे होते. त्यांचे पाय मला दिसले. ते तसेच वळले आणि जिना उतरून गेले. त्या संध्याकाळी कोठीतून डबा आपटल्याचा आवाज आला, तो बिस्किटांचा डबा होता.

इस्पितळात हृदयाच्या डॉक्टरीणबाई आणि कर्करोगाचे डॉक्टर एकत्र बसले होते म्हणे. पेच असा की ज्या औषधाने गाठ विरघळत होती, तेच हृदयाला सोसत नव्हते. हृदय वाचवायचे तर लाल औषध सोडायचे. ते सोडले तर गाठ मोकळी सुटायची. अखेर लाल औषध बंद झाले, आणि हृदयाला भूल झेपणार नाही म्हणून शस्त्रक्रियाही लांबली. दुसरे सौम्य औषध सुरू झाले, त्याचा गाठीवर तेवढा जोर चालत नव्हता. हृदयासाठी गोळ्या, पाणी उतरवायची गोळी, आणि जुनी रक्तदाबाची गोळी पुन्हा वरच्या कप्प्यात आली. मुलीने डॉक्टरीणबाईंना विचारले होते, "तो इको वेळेवर केला असता तर?" त्या म्हणाल्या होत्या, "तर हृदयाची औषधं आधीच सुरू केली असती. लाल औषध कदाचित पुरं करता आलं असतं." मग त्या म्हणाल्या, "आता त्याचा विचार करत बसू नका." असे सांगून कोणाचे विचार थांबतात का?

माझे काम चालूच राहिले, पण त्याचा अर्थ पार उलटा झाला. आता काटा दोन-तीन दिवसांत भराभर चढला तर लगेच इस्पितळात फोन करायचा होता. मालक पूर्वीसारखेच गुडघ्यांवर बसायचे, पण भिंग आता दोन-दोनदा पुसायचे. आकडा बघून झाला की ते काकूंच्या घोट्याच्या वर अंगठा दाबून धरायचे. अंगठा उचलल्यावर खळगा राहतो का ते बघायचे. खळगा राहिला नाही की सुस्कारा सोडून म्हणायचे, "नाही. आज नाही." एवढ्या मोठ्या हातांचा माणूस, पण तो अंगठा इतका हळू ठेवायचा की काकूंना गुदगुल्या व्हायच्या.

"सोडा की आता," काकू म्हणायच्या. "पावाला बोट लावून बघतात तसं काय बघताय?"

मिठाचे तर मालकांनी नावच टाकले. काकूंसाठी ते अळणी पाव भाजू लागले. तुम्हाला वाटेल त्यात काय अवघड? पण मिठाविना पीठ ताब्यात राहत नाही. ते नको तितके फुगते, हाताला चिकटते आणि भाजल्यावर पांढरेफटक दिसते. मालकांचे कितीतरी घाणे वाया गेले. शेवटी एक पाव मनासारखा उतरला, तो घेऊन ते धावत वर आले. काकूंनी तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून तुमच्या हातचं एवढं वाईट काही खाल्लं नव्हतं." मग दोघेही हसत सुटले. मालक हसता हसता रडायला लागले आणि काकूंनी त्यांचे डोके पोटाशी धरले. काकू तेव्हा माझ्यावरच उभ्या होत्या. मला दोघांचा भार कळला.

तो काळ बरा गेला, असेच मी म्हणेन. हृदय थोडे सावरले. काकू जिना उतरून गल्ल्यावर बसू लागल्या, सकाळचे दोन तास का होईना. मला वाटले, आता सगळे स्थिर होईल आणि मी असाच एका आकड्यापाशी म्हातारा होईन.

तसे व्हायचे नव्हते. गाठ पुन्हा वाढली, आणि आता ती एका जागी राहिलेली नव्हती. डॉक्टरांनी आपापसात पुष्कळ खल केला. जोराचे औषध द्यावे तर हृदय साथ देणार नव्हते. मुलगी आणि मालक इस्पितळातून आले तेव्हा मालकांनी पायातले बूटही काढले नाहीत, तसेच पलंगाच्या कडेवर बसून राहिले. आता काकूंना त्रास होऊ न देणे एवढेच हातात होते.

काटा उतरू लागला. हे पाणी नव्हते. आता काकूच ओसरत होत्या. पाऊल इतके हलके झाले की रबराला ते जेमतेम कळायचे. काकू रोज विचारायच्या, "किती?" मालक आकडा सांगायचे आणि त्यांचा आवाज रोज थोडा बसायचा. एकदा काकू म्हणाल्या, "उतरणीलाच लागलं म्हणायचं." त्या दिवशी त्यांनी पेलाभर दूधही घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी मालक नेहमीच्या आधी वर आले. काकू डोळे मिटून पडल्या होत्या. मालक माझ्यापाशी बसले. माझ्या कडेला एक दातेरी चाक आहे, त्याने काटा शून्यावर आणतात. मालकांनी ते हळूच फिरवले. माझ्यावर कोणीही उभे नव्हते आणि काटा दोन किलोंवर जाऊन थांबला.

मित्रांनो, काट्याला याहून मोठा अपमान नाही. त्या तपासनिसाचे शब्द मला आठवले. मी स्प्रिंग ताठ केली, कुरकुरलो. तेवढ्यात काकू उठल्या, माझ्यावर आल्या, आणि मालकांनी आकडा वाचला. मग ते जिन्याच्या तोंडाशी गेले आणि कितीतरी महिन्यांनी त्यांनी खाली हाक दिली, "वाढलं!"

खाली कणीक मळणारे हात थांबले. कारागिरांना सगळे ठाऊक होते. रोज काकूंना मुलीच्या हाताला धरून चालताना त्यांनी पाहिले होते. मग एकाने परातीवर थाप मारली, मागोमाग सगळ्यांनी. पूर्वीपेक्षाही जोरात. काकूंनी त्या दिवशी दूध घेतले.

मी कुरकुरणे सोडून दिले. मालकांची खबरदारी मात्र बघा. इस्पितळात फोन करून वजन सांगायचे असे, तेव्हा ते गॅलरीत जायचे आणि त्यातून दोन किलो वजा करून खरा आकडा सांगायचे. घोट्यावर अंगठा ठेवायला ते एक दिवसही विसरले नाहीत. डॉक्टरांपासून काही झाकायचे नाही, एवढे ते शिकले होते. त्यांचे जे काही खोटे होते ते फक्त त्या खोलीपुरते होते.

काकूंना हे माहीत नव्हते असे तुम्हाला वाटते का? मलाही वाटत होते. एका दुपारी मुलगी आईचे पाय चेपत बसली होती.

"तुझे बाबा," काकू म्हणाल्या, "काट्याची कळ फिरवून ठेवतात."

मुलीचे हात थांबले. "तुला दिसतं?"

"वाचता येत नाही गं, पण काटा कुठं आहे ते दिसतं की. माझा पाय पडायच्या आधीच तो पुढं येऊन बसलेला असतो."

"मग बोलत का नाहीस त्यांना?"

"बोलून काय करू? मी बोलले की उद्यापासून ते हाक मारायचे नाहीत." काकूंनी पाय जवळ ओढून घेतले. "तो आवाज ऐकला की मला भूक लागते. खरंच लागते."

त्यानंतरही काही सकाळी तसेच चालले. मालक वाचायचे, काकू "बरं झालं बाई" म्हणायच्या, खाली पराती वाजायच्या. पुढे काकूंना उभे राहवेना. मालक म्हणाले, "आज राहू दे, उद्या बघू." उद्याही त्या उठल्या नाहीत. माझ्या समोरच्या पलंगावर, टेकून बसलेल्या, मुलीचा हात हातात असताना काकू गेल्या. मालक तेव्हा खाली त्यांच्यासाठी अळणी पाव भट्टीतून काढत होते.

लोक आले, गेले. खोली आवरायला काढली तेव्हा मुलीने मला उचलून दाराशी ठेवले. तिला काटा शून्यावर दिसला नाही. सवयीने तिचे बोट चाकाकडे गेले.

"राहू दे," मालक म्हणाले.

"बाबा, चुकीचं दाखवतोय तो."

"ठाऊक आहे मला. राहू दे तेवढं."

मग त्यांनीच मला कोठीत आणले. अधूनमधून मैद्याचे पोते काढायला येतात, तेव्हा उकिडवे बसून भिंग बाहीने पुसतात आणि जातात. कारागिरांनी एकदा मला दुरुस्तीला न्यायचे काढले होते. मालकांनी त्यांना असे झापले की पुन्हा कोणी विषय काढला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू कहाणी संपवताना तुमच्याकडे काहीतरी मागतात. मीही मागतो. तुमच्या घरी कोणी मोठ्या आजाराशी झुंजत असेल तर त्याच्या जुन्या, लहान आजाराला वाऱ्यावर सोडू नका. त्याच्या सगळ्या गोळ्या सगळ्या डॉक्टरांना दाखवा. आकडा मनासारखा आला म्हणून तपासणी पुढे ढकलू नका. काट्याकडे बघून झाले की खाली वाकून त्या माणसाचे पाय बघा, घोट्यावर अंगठा ठेवा, त्याला विचारा की पाठ टेकून झोपता येते का. मला हे सांगता आले नाही, तुम्हाला तोंड आहे, तुम्ही विचारा.

आणि एक मागणे माझ्यासाठी. इतर जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला दुरुस्त करा. मला करू नका. कधी या कोठीत आलात आणि माझा काटा शून्याच्या पुढे दिसला, तर चाकाला हात लावू नका. माझ्यावर कोणीही उभे नसताना मी जे दोन किलो दाखवतो, ते काकूंचे आहेत.